कुकडीच्या काठी दोन दिवस

दोस्तांनो, नदीचं चित्र काढा म्हटलं की तुम्ही काय काढता? दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली नागमोडी नदी आणि तिच्या दोन्ही बाजूंना सपाट हिरवा काठ. दरवर्षी माझ्या वर्गात अशी निदान वीस चित्रं तरी जमा होतात! पण सगळ्याच नद्यांचे काठ असे सपाट नसतात बरं का. काही ठिकाणी नदी खाली खोल वाहते आणि तिचा काठ दोन-दोन, तीन-तीन मजली घरासारखा उभा असतो. मातीची उभी दरड, तिच्यात पावसाने पाडलेल्या घळी, खाली काळा खडक आणि त्या खडकातून वाट काढणारं पाणी. असा प्रदेश एकदा तरी पाहायलाच हवा. आणि तोही घाईघाईने खिडकीतून नाही, तर चांगले दोन दिवस राहून!

आपण आज अशाच एका शिबिराचा बेत आखणार आहोत. जागा आहे पुणे आणि अहिल्यानगर (म्हणजे पूर्वीचं अहमदनगर) या जिल्ह्यांतली कुकडी नदी. समजा, तुमच्या सातवीच्या वर्गातली ३० मुलं-मुली आणि ४ मोठी माणसं जाणार आहेत. काय पाहायचं, काय न्यायचं, कुठे राहायचं? चला, एकेक प्रश्न घेऊ.

कुकडीच का?

जुन्नर तालुक्यात सह्याद्रीच्या माथ्याजवळ पूर नावाचं गाव आहे. तिथे कुकडेश्वराचं जुनं दगडी देऊळ आहे. कुकडी या भागात उगम पावते. तिथून ती जुन्नरजवळून पूर्वेकडे वाहते, पुढे घोड नदीला मिळते. घोड जाते भीमेला, भीमा जाते कृष्णेला. म्हणजे अरबी समुद्र इतका जवळ असूनही कुकडीचं पाणी पार बंगालच्या उपसागराकडे निघतं. गंमतच नाही का?

या वाटेवर दोन जागा अशा आहेत की तिथे भूगोलाचं पुस्तक मिटून ठेवावं आणि नुसतं बघत राहावं.

पहिली जागा म्हणजे बोरी बुद्रुक. इथे नदीच्या उंच काठात मातीचे थर एकावर एक दिसतात, अगदी लग्नातल्या बुंदीच्या डब्यावर डबे रचावेत तसे. खाली खडक. त्यावर नदीने आणून टाकलेले गोटे आणि वाळू. त्यावर पिवळट तपकिरी गाळ, त्यात चुनखडीचे खडे. आणि या थरांमध्ये एक पांढुरका, रांगोळीसारखा बारीक थर लपलेला आहे. ती माती नाही. ती आहे ज्वालामुखीची राख!

आता तुम्ही म्हणाल, "सर, महाराष्ट्र तर सगळा ज्वालामुखीच्याच खडकाचा आहे. त्यात नवल ते काय?" बरोबर आहे. आपला काळा खडक, म्हणजे बेसॉल्ट, लाव्हारसाचाच बनलेला आहे. पण तो आहे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. ही राख त्याच्या मानाने अगदी कालपरवाची. आणि ती इथली नाहीच. ती आली इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटावरून, वाऱ्यावर बसून, सुमारे तीन हजार किलोमीटर लांबून!

सुमात्रात तोबा नावाचं एक सरोवर आहे. लांबी साधारण १०० किलोमीटर. हे सरोवर म्हणजे एका प्रचंड ज्वालामुखीचं तोंड. सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वी त्याचा असा स्फोट झाला की त्याची राख भारतभर पसरली. पण तोबा काही एकदाच फुटला नाही. त्याआधी, सुमारे आठ लाख वर्षांपूर्वीही तो फुटला होता. मग बोरीची राख कोणत्या स्फोटातली? १९८० च्या दशकात हा थर अभ्यासकांच्या नजरेत आला, तेव्हापासून हा वाद रंगलेला आहे. आणि वाद महत्त्वाचा का, तर याच थरांच्या आसपास आदिमानवाच्या दगडी हातकुऱ्हाडी सापडल्या आहेत. राखेचं वय कळलं की त्या कुऱ्हाडी चालवणाऱ्या माणसांचं वयही कळायला मदत होते. म्हणजे ही राख एक प्रकारचं घड्याळच आहे!

दुसरी जागा म्हणजे निघोज. पारनेर तालुक्यातल्या या गावाजवळ कुकडी काळ्या खडकातून वाहते आणि त्या खडकात तिने शेकडो रांजण कोरून ठेवले आहेत. यांना म्हणतात रांजणखळगे. कुणी कोरले? छिन्नी नाही, हातोडा नाही. पुराच्या पाण्यात भोवरे होतात. खडकातल्या एखाद्या लहानशा खळग्यात गोटे अडकतात. भोवरा ते गोटे गरगर फिरवतो. जात्यात दाणे भरडावेत तसा गोटा खडकाला घासतो, खडकही झिजतो आणि गोटाही झिजतो. गोटा संपला की पुढच्या पुरात दुसरा येतो. अशी हजारो वर्षं गेली आणि खळग्याचा रांजण झाला. शेजारचे दोन रांजण वाढत वाढत एकमेकांना भेटले की त्यांची घळ होते. जवळच मळगंगा देवीचं देऊळ आहे.

म्हणजे एकाच नदीची दोन कामं आपण पाहणार. बोरीला तिने गाळ टाकून थर रचले आणि नंतर स्वतःच ते कापून उभा काठ केला. निघोजला तिने खडक कोरला. एका हाताने मांडायचं, दुसऱ्या हाताने मोडायचं!

केव्हा जायचं?

पावसाळ्यात मुळीच नाही. तेव्हा नदी फुगलेली असते आणि मातीच्या दरडी भिजून ढासळतात. उन्हाळ्यात काळा खडक तव्यासारखा तापतो. डिसेंबर-जानेवारीतला शनिवार-रविवार सगळ्यात चांगला. दिवसा ऊन कोवळं असतं. मात्र रात्री थंडी चांगलीच पडते, तेव्हा स्वेटर आणि कानटोपी हवीच.

राहायचं कुठे?

इथे बहुतेक मुलं एका सुरात ओरडतात, "तंबूत!"

हल्ली जाहिरातींत ग्लॅम्पिंग नावाचा प्रकार दिसतो. मोठा थोरला तंबू, आत पलंग, पंखा, मऊ गाद्या, बाहेर दिव्यांच्या माळा, ताटात आयतं जेवण. एका रात्रीचे पैसे ऐकून आपले डोळे पांढरे व्हावेत! ज्यांना परवडतं त्यांनी जरूर जावं. पण वर्गाच्या शिबिराचा पहिला नियम असा हवा की पैशांसाठी एकही मूल मागे राहता कामा नये. त्यामुळे तो विचार आपण सोडून देऊ.

मग साधा तंबू? नदीकाठी, चांदण्याखाली? मनाला फार बरं वाटतं ऐकायला. पण नीट ऐका हं. जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे चार तालुके बिबट्यांचे तालुके आहेत. धरणं झाली, कालवे आले, ऊस वाढला. उंच, दाट, बारमाही गार उसात बिबट्याला लपायला जागा मिळाली. तिथेच त्याची पिल्लं जन्मतात, तिथेच वाढतात. जुन्नरजवळ माणिकडोहला तर बिबट्यांसाठी निवारा केंद्रच आहे. हिवाळ्यात ऊसतोड सुरू झाली की त्याचा आसरा जातो आणि तो इकडेतिकडे फिरू लागतो. या भागात बिबट्याने माणसांवर, लहान मुलांवरही हल्ले केले आहेत. त्यात जीव गेले आहेत. हे भीती घालायला सांगत नाही, पण लपवायचं तरी कशाला? तिथे राहणारी तुमच्याच वयाची मुलं रोज ही काळजी घेऊनच शाळेत जातात.

म्हणून आपला निर्णय असा: तंबू दिवसा, पक्कं छप्पर रात्री. मुक्काम गावातल्या शाळेच्या वर्गात किंवा दारं-खिडक्या नीट लागणाऱ्या सभागृहात करायचा. शाळेचे मुख्याध्यापक आणि ग्रामपंचायत यांना महिनाभर आधी पत्र लिहून परवानगी मागायची. आणि तंबू? ते दुपारी शाळेच्या पटांगणात ठोकायचे! सहा-सहा जणांचे पाच गट करा. प्रत्येक गटाला एक ताडपत्री, दोन काठ्या, आठ खुंट्या आणि दोरी द्या. ज्यांचा तंबू आधी उभा राहील आणि दोरी ओढली तरी पडणार नाही, तो गट जिंकला. जेवणही तंबूतच. मात्र सूर्य मावळायच्या आत सगळं गुंडाळून आत यायचं.

रात्रीचे नियम तीनच, पण पाठ करून टाका. एक, अंधार पडल्यावर एकट्याने बाहेर जायचं नाही. लघवीला जायचं असेल तर सरांना किंवा बाईंना उठवायचं, लाजायचं नाही. दोन, बाहेर जाताना मोठा माणूस, बॅटरी आणि मोठ्याने बोलणं, तिन्ही हवं. तीन, बिबट्या दिसलाच तर पळायचं नाही, खाली बसायचं नाही, वाकायचं नाही. ताठ उभं राहून हात वर करायचे, मोठ्याने ओरडायचं आणि त्याच्याकडे तोंड ठेवून हळूहळू मागे सरकायचं. वन विभागाचा मदत क्रमांक १९२६ वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

पाऊस नाही, तरी पूर!

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. ८ जून २०१४ या दिवशी हिमाचल प्रदेशात हैदराबादचे अभियांत्रिकीचे विद्यार्थी सहलीला गेले होते. बियास नदीत पाणी कमी होतं. मुलं खडकांवर उतरून फोटो काढत होती. वरच्या अंगाला लारजी धरण आहे. तिथून पाणी सोडलं गेलं आणि बघता बघता नदी चढली. २४ विद्यार्थी वाहून गेले. आकाशात ढग असो वा नसो, नदी अशी चढू शकते.

कुकडीवरही माणिकडोह आणि येडगाव अशी धरणं आहेत. हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात शेतीसाठी पाणी सोडतात. त्याला आवर्तन म्हणतात. हे पाणी बहुतेक कालव्यातून जातं. पण खालचे कोल्हापूर पद्धतीचे बंधारे भरायचे असले तर नदीतही पाणी सोडतात. म्हणजे जानेवारीतल्या लख्ख उन्हातही कोरड्या खडकावर पाणी येऊ शकतं!

म्हणून जाण्याच्या आठवडाभर आधी पाटबंधारे कार्यालयात चौकशी करायची, "या शनिवार-रविवारी नदीत आवर्तन आहे का?" हे काम सरांचं. पण फोन करताना दोन मुलांनी शेजारी बसून उत्तर वहीत लिहून घ्यायचं. निघायच्या आदल्या दिवशी पुन्हा विचारायचं. आणि गावात पोचल्यावर एखाद्या शेतकरीदादांना तिसऱ्यांदा विचारायचं, कारण नदी त्यांच्याइतकी कुणालाच ठाऊक नसते.

नदीजवळ पोचल्यावर एक सोपा प्रयोग करायचा. सरांनी पाण्याच्या कडेला एक काठी रोवायची आणि पाणी जिथे टेकतं तिथे दोरा बांधायचा. दर दहा मिनिटांनी बघायचं. पाणी दोऱ्याच्या वर दोन बोटं जरी चढलं किंवा एकदम गढूळ झालं, तरी शिट्टी! शिट्टी ऐकली की वही, डबा, चप्पल, जे असेल ते तिथेच टाकून वर जायचं. याची आधी शाळेच्या पटांगणावर दोनदा तालीम करा. आणि पाण्यात उतरायचं नाही म्हणजे नाही. पोहता येणाऱ्यांनीसुद्धा नाही. निघोजचे रांजण वरून शांत दिसतात, पण आत खोल असतात आणि त्यांच्या कडा गुळगुळीत व शेवाळलेल्या असतात. आत पडलेल्याला धरायला काहीच सापडत नाही.

दरडीशी कसं वागायचं?

मातीच्या उंच काठाचं एक गुपित आहे. वरून तो भक्कम दिसतो, पण खाली नदीने त्याचा पाया कोरलेला असतो. वरचा भाग छज्जासारखा अधांतरी राहतो. म्हणून काठाच्या कडेपासून दहा मोठी पावलं लांब राहायचं. जमिनीवर कडेला समांतर भेग दिसली तर अजून मागे सरकायचं, कारण पुढची दरड बहुधा तिथूनच सुटते. दरडीच्या अगदी पायथ्याशी बसायचं नाही, तिच्यात गुहा कोरायची नाही. थर पाहायचे ते समोरून, लांबून. दुर्बीण असेल तर फारच छान.

कड्यावर आग्यामोहोळ आहे का ते आधी बघून घ्या. असेल तर धूर नको, आरडाओरडा नको, दगड तर मुळीच नको.

आणि हो, बोरीला दगडी हत्यारासारखा दगड दिसला तर? उचलायचा नाही. तो जिथे पडला आहे, ती जागाच त्याची अर्धी गोष्ट असते. खिशात घातला की तो नुसता दगड! चित्र काढा, फोटो काढा, शेजारी पट्टी ठेवून माप घ्या आणि तसाच राहू द्या.

काय काय न्यायचं?

प्रत्येकाने: सतरंजी, पांघरूण, स्वेटर, कानटोपी, पायांत बूट, एक जास्तीचा कपड्यांचा जोड, ताट-वाटी-पेला, पाण्याची बाटली, बॅटरी, वही-पेन्सिल, मोजपट्टी आणि शिट्टी. मोबाइल सरांजवळचे पुरेत.

वर्गाने मिळून: प्रथमोपचाराची पेटी, मच्छरदाण्या, ताडपत्र्या, दोरी, भिंग आणि एक लिंबू. लिंबू कशाला? शेताच्या बांधावर पडलेला चुनखडीचा खडा घ्या आणि त्यावर रस पिळा. बारीक बारीक बुडबुडे येतील. काळ्या दगडावर पिळा, काहीच होणार नाही. शास्त्रज्ञही शेतात फिरताना असंच आम्ल टाकून चुना ओळखतात. उरलेलं लिंबू सरबताला!

पाणी: माणशी दिवसाला ३ लिटर पिण्याचं. ३४ माणसांना १०२ लिटर, म्हणजे २० लिटरचे सहा जार. स्वयंपाकाचं पाणी निराळं.

जेवण: पहिल्या दिवशी दुपारी घरचा डबा. रात्री मूगडाळीची खिचडी, त्यासाठी साडेतीन किलो तांदूळ आणि दीड किलो डाळ. सकाळी अडीच किलो पोहे. दुसऱ्या दिवशी दुपारी पिठलं-भाकरी. ती गावातल्या बचत गटाच्या ताईंना आधी सांगून करून घ्यायची. गरम भाकरी आपल्याला, चार पैसे त्यांना.

खर्च: गाडीभाडं, शिधा, भाकरीचे पैसे, पाणी, मुक्कामाची वर्गणी यांची बेरीज करा. तिच्यात दहा टक्के अडीअडचणीसाठी मिळवा आणि मग ३० ने भागा. हे गणित मुलांनीच फळ्यावर करायचं. एसटी शालेय सहलींना भाड्यात सवलत देते, तेव्हा आगारात आधी अर्ज द्या. ज्यांना पैसे देणं जड जाईल त्यांची नावं फळ्यावर नाही, फक्त सरांच्या कानात.

साप-विंचवाचीही माहिती हवी. थंडीतही रात्री मण्यार फिरते आणि जमिनीवर झोपलेल्यांना चावू शकते, म्हणून मच्छरदाणी सतरंजीखाली नीट खोचायची. सकाळी बूट झटकून मगच घालायचे. साप चावलाच तर करकचून दोरी बांधायची नाही, चिरायचं नाही, चोखायचं नाही. तो हात किंवा पाय हलू द्यायचा नाही आणि १०८ ला फोन करून सरळ रुग्णालय गाठायचं. जवळचं ग्रामीण रुग्णालय कुठे आहे, तिथे सापाच्या विषावरची लस आहे का, हे निघण्याआधीच विचारून ठेवायचं.

दोन दिवसांचं वेळापत्रक

शनिवार: सकाळी पोचणं, गावकऱ्यांशी ओळख. ऊन चढायच्या आत बोरीचा काठ, थरांचं चित्र. दुपारी तंबूंची स्पर्धा. संध्याकाळी गावातल्या एखाद्या आजोबांना किंवा आजींना बोलावून नदीच्या गोष्टी ऐकायच्या. धरणाआधी नदी कशी होती? पूर कुठवर यायचा? बिबट्या पूर्वी दिसायचा का? उत्तरं वहीत. रात्री आठला दार बंद.

रविवार: पोहे खाऊन, वर्ग झाडून, कचरा गोळा करून निघायचं. आपण आलो तेव्हापेक्षा शाळा स्वच्छ दिसली पाहिजे! वाटेत जमलं तर खोडदची महाकाय रेडिओ दुर्बीण. ४५ मीटर व्यासाच्या अशा ३० तबकड्या या परिसरात उभ्या आहेत. आत जायला मात्र आधी परवानगी लागते. मग निघोजचे रांजणखळगे, पिठलं-भाकरी आणि अंधार पडायच्या आत घर.

कुकडी फार लांब पडत असेल तर हिरमुसू नका. नेवासे-संगमनेरकडे प्रवरेचे काठ आहेत, जळगावकडे तापीकाठच्या घळी आहेत. आपापल्या नदीचा उंच काठ शोधा, तिच्यावर कोणतं धरण आहे ते नकाशात पाहा, आणि वर्गात तीन गट करा. एका गटाने ग्रामपंचायतीला पत्र लिहावं, दुसऱ्याने पाटबंधारे खात्याला विचारायचे प्रश्न काढावेत, तिसऱ्याने वन विभागाला विचारावं की इथे कोणते प्राणी आहेत आणि आम्ही कसं वागावं. तिन्ही उत्तरं हातात आली की मगच सहलीची तारीख ठरवा. एखादं उत्तर "या आठवड्यात येऊ नका" असं आलं, तर तारीख पुढे ढकला. रांजण कोरायला नदीने हजारो वर्षं घेतली आहेत. आणखी आठ दिवस ती नक्की थांबेल!